डिजिटल डिझाइनचे शिक्षण, पोर्टफोलिओ आणि मराठी शाळेची पार्श्वभूमी

महाविद्यालयात सॉफ्टवेअर पुरेसे शिकवत नाहीत म्हणून बाहेरचा क्लास लावावा का, पोर्टफोलिओत (आपल्या निवडक कामांच्या संग्रहात) नेमके काय ठेवावे आणि दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाल्यामुळे मुंबई-बंगळुरूच्या विद्यार्थ्यांपुढे आपण कमी पडू का, अशा तीन शंका तुम्ही बी.डेस. या डिझाइनच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात जाताना विचारल्या आहेत. त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. मी या क्षेत्रात बरीच वर्षे काम करतो आहे आणि नव्या उमेदवारांचे पोर्टफोलिओ पाहण्याची जबाबदारी माझ्याकडे नियमितपणे येते.

केवळ सॉफ्टवेअर शिकण्यासाठी महागडा क्लास लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एके काळी संकेतस्थळांवरील हालती चित्रे आणि खेळ मोठ्या प्रमाणावर फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये तयार होत असत. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने ती चित्रे आणि खेळ चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा कायमचा थांबवला. ज्यांनी फक्त त्या सॉफ्टवेअरमधील आज्ञा आत्मसात केल्या होत्या त्यांचे ज्ञान निकामी झाले, आणि ज्यांना हालचालीची लय, दोन चित्रांमधील कालांतर आणि पाहणाऱ्याची नजर कुठून कुठे जाते हे समजले होते त्यांनी तेच ज्ञान दुसऱ्या साधनावर नेले. ॲप आणि संकेतस्थळांच्या रचनेसाठी आज सर्वत्र वापरले जाणारे फिग्मा विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळते. इंकस्केप, क्रिता, ब्लेंडर आणि पेनपॉट ही साधने तर सर्वांसाठीच खुली आहेत. एखादा खरा प्रकल्प हाती असला की साधन शिकायला फार काळ लागत नाही.

महाविद्यालयाबाहेर सहज मिळत नाही ते म्हणजे शिक्षक आणि सहाध्यायी यांच्यासमोर काम मांडून त्यावर प्रश्न झेलण्याची सवय. प्रत्येक ज्युरीनंतर, म्हणजे परीक्षकांपुढील अशा सादरीकरणानंतर, कोणते प्रश्न आले आणि त्यांतील कोणत्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, याची वही ठेवा. रेखाटन, अक्षररचना आणि रंगविचार हे विषय पहिल्या वर्षीच संपले असे समजू नका. चारही वर्षे त्यांचा सराव चालू ठेवा.

आता मराठी माध्यमाविषयी. कार्यालयांतील बरेचसे बोलणे इंग्रजीत चालते, त्यामुळे आपला प्रकल्प दहा मिनिटांत इंग्रजीत समजावून सांगण्याचा सराव तुम्हाला करावाच लागेल. तो सरावाने येतो. मात्र ज्याला देवनागरी वाचण्याची आणि लिहिण्याची लहानपणापासून सवय आहे, त्याच्याकडे या क्षेत्रात फार उपयोगी पडणारी दृष्टी असते, आणि तिची जाणीव बहुतेक मराठी विद्यार्थ्यांना करून दिली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मोबाइलच्या पडद्याची रचना सहसा आधी इंग्रजीत होते आणि मराठी मजकूर नंतर त्या चौकटीत बसवला जातो. इंग्रजीसाठी ठरवलेले दोन ओळींमधील अंतर देवनागरीला अपुरे पडते, कारण वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात, तर उकार आणि जोडाक्षरांचे पाय खाली उतरतात. ‘पूर्वी’सारखा एकच शब्द दोन्ही बाजूंनी जागा मागतो आणि वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील रफाराला भिडतो. इंग्रजीत अक्षरांमधील अंतर वाढवून शीर्षक उठावदार करता येते, पण तेच देवनागरीत केले की शिरोरेषा तुटते. मोठ्या लिपीतील अक्षरे वापरून महत्त्व दाखवण्याची सोयही आपल्याकडे नाही, त्यामुळे जाडी, आकार, रंग आणि मोकळी जागा यांवरच मांडणीचा सगळा भार येतो. ‘सबमिट’च्या जागी ‘अर्ज सादर करा’ लिहिले की बटणाची रुंदी बदलते. आपण देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ लिहितो, हिंदीत त्यांची रूपे वेगळी असतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, एकाच अक्षराच्या दोन्ही रूपांचा संकेतांक एकच आहे. फॉन्टमध्ये तशी सोय असेल आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नोंदवले असेल, तरच वाचकाला आपली रूपे दिसतात. ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ हे शब्द कोणत्याही नव्या फॉन्टमध्ये सर्वप्रथम टाइप करून पाहावेत, कारण त्यांतील ‘ऱ्य’ नीट उमटला नाही तर तो फॉन्ट मराठीसाठी तपासलाच गेलेला नाही हे लगेच कळते.

हे ज्ञान दुय्यम नाही, हे सांगायला आपल्याकडेच उदाहरणे आहेत. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी जाहिरात क्षेत्रात काम केले, मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात अध्यापन केले आणि विंडोजमधील ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्टही घडवला. १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले गेलेले रुपयाचे चिन्ह रेखाटणारे डी. उदय कुमार आयडीसीचेच विद्यार्थी. त्या चिन्हात देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ एकत्र आले आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने तयार केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट खुल्या परवान्यावर उपलब्ध आहेत, म्हणजे तुमच्या प्रकल्पात ते आजच निःशंकपणे वापरता येतील. अक्षरकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली शीर्षके मिळतील तेथे पाहा आणि नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणात कसा उतरला आहे हे हाताने गिरवून समजून घ्या.

पोर्टफोलिओची निवड याच दिशेने करावी, असे सुचवतो. आमच्याकडे येणाऱ्या पोर्टफोलिओंपैकी अनेकांत प्रसिद्ध खाद्यपदार्थ-वितरण ॲपचे किंवा संगीत ॲपचे नवे रूप असते. दिसायला ते नेटके असते, पण उमेदवार कोणाशी बोलला, त्याला कोणती अडचण आढळली आणि त्याच्या निर्णयाने काय सुधारले, हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी तुमच्या भोवतालचा विषय घ्या. उदाहरणार्थ, महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणी ॲपद्वारे आपल्या पिकाची नोंद स्वतः करू शकतात. भर उन्हात पडदा कितपत वाचता येतो, शेतात नेटवर्क नसेल तेव्हा माणूस काय करतो, गट क्रमांक आणि खाते क्रमांक यांतील फरक त्याला स्पष्ट होतो का, फोन मुलाच्या हातात आणि माहिती वडिलांच्या डोक्यात असेल तर रचना कोणासाठी करायची, हे सगळे डिझाइनचे खरे प्रश्न आहेत. पाच-सहा शेतकऱ्यांसोबत बांधावर बसून तुम्ही ते समजून घेऊ शकता, आणि महानगरातील विद्यार्थ्याला ती संधी इतक्या सहज मिळत नाही. एसटी स्थानकावरील वेळापत्रकाचा फलक किंवा फोनवर वाचायचा सातबारा, हे विषयही तितकेच समृद्ध आहेत.

असे तीन किंवा चार प्रकल्प पुरेसे आहेत, पण प्रत्येकात सोडून दिलेले पर्याय आणि ते सोडण्याचे कारण दाखवा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे प्रमाण (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावे, हा सुगम्यतेचा, म्हणजे दृष्टी कमी असलेल्यांनाही वाचता यावे यासाठीचा प्रचलित निकष तपासल्याचे नोंदवा आणि रचना स्वस्त अँड्रॉइड फोनवर वापरून पाहा. गटाने केलेल्या कामात तुमचा वाटा कोणता, हे स्वच्छ लिहा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने एखादे चित्र बनवले असेल तर तेही लिहा, कारण मुलाखतीत त्या चित्रामागचा विचार विचारला जातो आणि तो तुमचा नसेल तर लगेच लक्षात येते.

पुढील वाट आताच ठरवण्याची गरज नाही. इंटरफेस (ॲप-संकेतस्थळांच्या पडद्यांची रचना), मोशन ग्राफिक्स (हालती चित्रे), गेम, फॉन्टनिर्मिती, शैक्षणिक साहित्य अशा अनेक शाखा आहेत, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत आपला कल आपोआप स्पष्ट होतो.

इंटर्नशिप निवडताना मात्र नावापेक्षा तेथे तुमचे काम रोज पाहणारी अनुभवी व्यक्ती आहे का, याची चौकशी करा. विद्यावेतन, कालावधी आणि केलेले काम पोर्टफोलिओत दाखवण्याची परवानगी या तीन गोष्टी रुजू होण्यापूर्वी ईमेलवर लेखी मागून घ्या. कित्येक विद्यार्थ्यांचे सहा महिन्यांचे उत्तम काम केवळ गोपनीयतेच्या करारामुळे कोणालाच दाखवता येत नाही. तसा करार असेल तर निदान तपशील वगळून कामाची पद्धत मांडता येईल का, हे स्वाक्षरी करण्याआधीच विचारावे.