वाचकांचे प्रश्न : पियानोवरचा रॅगटाइम वाद्यवृंदात बसवताना

प्रश्न : पार्ल्यातल्या आमच्या हौशी वाद्यवृंदात सहा व्हायोलिन, एक चेलो, डबल बास, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि साइड ड्रम आहेत. अमेरिकी संगीतकार स्कॉट जॉप्लिनचा ‘मेपल लीफ रॅग’ (१८९९), म्हणजे रॅगटाइम शैलीतला पियानोचा तुकडा, पियानोच्या कॉपीवरून बसवला. उजवा हात व्हायोलिनना दिला, डावा चेलो-बासला. सूर बरोबर लागतात, पण सगळं जड वाटतं, पुढे सरकतच नाही. काय चुकतंय?

उत्तर : वाटणी हातांप्रमाणे केलीत, तिथेच गाडं अडलंय. ती कामांप्रमाणे करा. पियानिस्टचा डावा हात एकटाच दोन कामं करतो : बीटवर खालचा बास आणि ऑफबीटला, म्हणजे दोन बीटच्या मधे, वरचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर). त्या दोन जागांमधली उडी चेलोवर मारायला लावली, की कॉर्ड उशिरा येणारच. चेलो आणि बासला फक्त बीटवरचे सूर द्या, बासला पिझिकाटो (बोटांनी छेडून). डाव्या हाताच्या ऑक्टेव्हमधला वरचा सूर दोघांच्याही पानावर लिहा. डबल बास लिहिल्यापेक्षा एक ऑक्टेव्ह खाली वाजतो, त्यामुळे पियानोचा पूर्ण ऑक्टेव्ह आपोआप मिळतो. चार तारांच्या बासला ई तारेच्या खालचे सूर नाहीत. तेवढे सूर त्याला वर घेऊ द्या.

ऑफबीट तीन व्हायोलिनना. प्रत्येकीला एकच सूर द्या, डबल स्टॉप (एकदम दोन तारा) नकोत. चार सुरांचा सेव्हन्थ कॉर्ड असेल तर तिसरा, पाचवा आणि सातवा. मूळ सूर बासकडे आहेच. पियानोतले हे कॉर्ड पुष्कळदा व्हायोलिनच्या जी तारेखाली जातात, म्हणून उलटापालट करून वर आणावे लागतात. पण चालीच्या वर चढू देऊ नका. एटथ नोटऐवजी (अर्धा बीट) सिक्स्टीन्थ (पाव बीट) आणि लगेच रेस्ट (विराम) असं लिहा, नाहीतर हौशी वादक बो (गज) लांबवतात आणि पुढचा बीट झाकला जातो. तुमचा जडपणा बहुधा इथलाच आहे. या तिघांना बासच्या शेजारी बसवा.

चाल उरलेल्या तीन व्हायोलिनना द्या, फक्त सगळ्यात वरची ओळ. उजव्या हातातले मधले सूर पियानोवर भरीव वाटतात, पण बोवर ते गर्दी करतात. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट पहिल्यापासून चालीत घालू नका. या रॅगचा आराखडा ए-ए, बी-बी, ए, सी-सी, डी-डी असा आहे, प्रत्येक भाग १६ बारचा. पहिल्यांदा तंतुवाद्यं, पुनरावृत्तीत क्लॅरिनेट सोबत, आणि ट्रम्पेटचा पूर्ण आवाज शेवटच्या डीसाठी राखून ठेवा. त्याआधी कुठे लागलाच तर कप म्यूट (आवाज दाबणारी टोपी) लावून.

स्वरपट्टीचंही बघा. मूळ ए फ्लॅट, ट्रिओ (सी भाग) डी फ्लॅट, म्हणजे चार आणि पाच फ्लॅट. हौशी व्हायोलिनवादकांचे सूर इथे घसरतात. सगळं एक टोन वर, बी फ्लॅटमध्ये नेलं तर दोन आणि तीन फ्लॅट उरतात. बी फ्लॅट क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटच्या पानावर सी आणि एफ येईल. लग्नाच्या बँडमधून वादक बोलावलात तर तेही खूश. अडचण एकच : क्लॅरिनेटचे लिहिलेले ए, बी, सी हे सूर रजिस्टर (सुरांचा पट्टा) बदलतो त्याच जागेवर येतात आणि वेगात तिथे बोटं अडखळतात. तसा तुकडा आला तर क्लॅरिनेटला चाल न देता वरून लांब सूर धरायला द्या.

प्रश्न : सिंकोपेशन (बीट सोडून मधेच पडणारा जोर) एकसाथ येत नाही. कुणी स्विंग करतं (जोडीतला पहिला सूर लांबवतं), कुणी बीटवर येऊन थांबतं.

उत्तर : रॅगटाइमचे सिक्स्टीन्थ सरळच वाजवायचे, स्विंग नाही. २/४ च्या बारमध्ये आठ सिक्स्टीन्थ असतात; जॉप्लिनच्या चालीत चौथ्यावर सूर पडतो आणि टायने (दोन सूर जोडणारी कमान) पाचव्यावर धरलेला राहतो. वादक नेमका पाचव्यावर पुन्हा धक्का देतात. आधी टाय काढून आठही सूर वाजवून घ्या, मग टाय परत आणा आणि पानावर अ‍ॅक्सेंट चौथ्यावरच छापा. ड्रमवाल्याला ब्रशने साधे, एकसारखे एटथ द्या. त्याने सिंकोपेशनची नक्कल केली की सगळ्यांचा आधार जातो. मेट्रोनोम क्वार्टरला ८८ पुरे, त्याने पुनरावृत्त्यांसह तुकडा सव्वातीन मिनिटांचा होतो. रॅगटाइम जोरात पळवू नये, अशी सूचना खुद्द जॉप्लिनच्या छापील प्रतींवर आहे, आणि ती मनापासून पाळावी.

प्रश्न : मांडणीसाठी परवानगी लागते का? तयार नमुना कुठे बघावा?

उत्तर : जॉप्लिन १९१७ साली वारले. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात, त्यामुळे मूळ पियानो-रचना मोकळी आहे. मात्र हल्लीच्या कुणी केलेली मांडणी उतरवून घेऊ नका, तिचा हक्क वेगळा असतो. नमुना म्हणून जॉप्लिनचे प्रकाशक स्टार्क यांनी छोट्या वाद्यवृंदासाठी काढलेल्या, ‘रेड बॅक बुक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या मांडण्या पाहा. अमेरिकी संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालक गुंथर शुलर यांनी १९७३ साली त्यांचं ध्वनिमुद्रण केलं. तिथे बास, ऑफबीट आणि चाल कशी वेगळी ठेवली आहे ते पेन्सिल घेऊन ऐका. प्रत्येक वाद्याची ओळ दोन पानांत बसवा आणि ती पुठ्ठ्यावर चिकटवा. सभागृहातल्या पंख्याखाली सुटी पानं उडतात, आणि या संगीतात पान सावरायला रेस्ट मिळत नाही.