एका पानात सहा वेळा ‘बळकावलं’

प्रिय पोरा,

तुझा लेख दोनदा वाचला. बरा लिहिलास की, पण एका पानात ‘बळकावलं’ सहा वेळा? पुढाऱ्यानं गायरान बळकावलं, अध्यक्षानं श्रेय बळकावलं, शेजाऱ्यानं बांध बळकावला, सगळ्यांना एकच माप लावलास.

बळकावणेमधी बळ आहे बघ. दांडगाई लागते, निदान मागं चार माणसं तरी लागतात. श्रेयाला कुठलं बळ रे, गणपतीच्या वर्गणीला दारोदार तुम्ही फिरलात आणि बॅनरवर फोटो त्याचा, ते लाटणं. ढापणं त्याहून किरकोळ, पेन ढापतात, स्टेटस ढापतात, गायरान कोण ढापत नाही.

बांधाचं तर वेगळंच. आमच्या भाताच्या शिवारात शेजारी नांगरताना दरवर्षी नांगराचं एकच तास, म्हणजे एक ओळ, आमच्या अंगाला जास्त घ्यायचा, पावसात बांधाची माती ढासळली की पावसावर ढकलायचा, हद्दीचा धोंडा पण हळूच सरकला, वडिलांच्या डोळ्यादेखत दोन हाताचा बांध वीतभर झाला आणि हा रोज रामराम घालतोय. याला बांध कोरणं म्हणतात. तिथं बळकावलं लिहिलास की त्यातली सगळी चलाखीच गेली.

कन्नडमधी बळकावण्याला कबळिसु म्हणतात, कर्नाटकाच्या २०११ च्या कायद्याच्या नावातच ‘भू कबळिके’ आहे. कबळ म्हणजे घास. आपण पण जमीन गिळंकृत करतो, पैसे खातो. भाषेवरनं कितीही भांडू दे, हे काम दोन्हीकडं तोंडानंच चालतंय!

तू अडलास तो इंग्रजी अ‍ॅरोगेट शब्द जमिनीपेक्षा अधिकाराला, मानाला जास्त लागतोय. कमिटीला न विचारता एकटाच सह्या ठोकत सुटला, तर ‘अधिकार आपल्याकडं ओढून घेतले’ लिही, चालतंय. गंमत म्हणजे त्याचं लॅटिन मूळ ‘विचारणे’ असं आहे, अ‍ॅरोगंट पण त्यातलाच.

आणि शेवटच्या पॅरातली ती घराची जागा, केस चालू आहे म्हणालास ना? मग निकालाआधी तू कशाला निकाल देतोस, ‘ताबा घेतला’ एवढंच लिही. खाजगी जागेवर मालकाच्या परवानगीशिवाय उघड उघड सलग १२ वर्षं कब्जा असला आणि मालकानं दावाच लावला नाही तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानं मालकाचाच हक्क जातोय, त्यामुळं कब्जा किती सालापासनं ते आधी विचार, उताऱ्यावर नाव कुणाचं ते बघ.

गायरानाचं ‘बळकावलं’ तेवढं ठेव. बाकीचे पाच बदलून रविवारी घेऊन ये, येताना कुंदा आणलास तर लाल पेन जरा कमी चालवतो.

तुझा काका