अस्वलांच्या गावचा गाईड: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात मी चर्चिलबद्दल लिहिलं होतं, कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातलं हडसन उपसागराच्या काठचं, पांढऱ्या ध्रुवीय अस्वलांचं गाव, वस्ती नऊशेच्या आत, रस्ता जातच नाही तिथे, विनिपेगहून रेल्वेने सतराशे किलोमीटर नाहीतर विमान. मी सीझनला तिथे गाईड असतो, बाकी वेळ यावलला घरी. खूप पत्रं आली, जमतील तेवढी घेतोय.

रावेरहून एक ताई: दादा, मुलगा बारावीला आहे, तुमचा लेख वाचल्यापासून हेच करायचं म्हणतोय. यात पोट भरतं का? आणि अस्वलांच्या गावात भीती नाही वाटत?

ताई, नुसते फोटो विकून माझं घर चाललं नसतं. पैसा येतो तो गाईडच्या कामाचा, आणि तोही सीझनपुरता. ऑक्टोबर-नोव्हेंबरला अस्वलं, जानेवारी ते मार्च नॉर्दर्न लाईट्स, म्हणजे रात्रीच्या आकाशातले रंगीत प्रकाशाचे पट्टे, जुलै-ऑगस्टला नदीच्या मुखाशी बेलुगा व्हेल येतात हजारोंनी. मी अस्वलांचा सीझन करतो, कधी जुलैचा पण, आणि घरी केळी आहे म्हणून निभतं. मुलाला सांगा बारावी नीट कर, फर्स्ट एड शिक, आणि लोकांशी बोलायची सवय लाव, कारण गाईडचा निम्मा दिवस बोलण्यात जातो आणि उरलेला लोकांना गप्प बसवण्यात.

भीतीचं म्हणाल तर वाटलीच पाहिजे, ज्याला वाटत नाही त्याच्यासोबत मी जात नाही. तिथे लोक घराला, गाडीला कुलूप लावत नाहीत, का तर रस्त्यात अचानक अस्वल समोर आलं तर कुणालाही जवळच्या दारातून आत शिरता यावं. अस्वल गावाकडे आलं की अस्वलांवर नजर ठेवणारं पथक फटाक्याच्या काडतुसांनी त्याला पळवून लावतं, तरी नाही ऐकलं तर पकडून बंद खोलीत ठेवतात, लोक त्याला अस्वलांचं जेलच म्हणतात. पाणी देतात, खायला सहसा देत नाहीत, म्हणजे गावात आलं की खायला मिळतं हे त्याच्या डोक्यात बसू नये. मग हेलिकॉप्टरने लांब उत्तरेला नेऊन सोडतात. आपल्याकडे बिबट्या उसात दिसला की गाव गोळा होतं, मोबाईल वर करून मागे धावतं, तेव्हा मला तिथली ती उघडी दारं फार आठवतात.

चोपड्याहून एक फोटोग्राफर: एवढ्या थंडीत कॅमेरा टिकतो कसा? सेटिंग काय ठेवता?

कॅमेरा टिकतो भाऊ, बॅटरी टिकत नाही. दोन-तीन जास्तीच्या बॅटऱ्या शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायच्या. बर्फात कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर फसतं, पांढरं सगळं राखाडी करून टाकतं, म्हणून एक्सपोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, कधी त्याहून थोडं जास्त वर न्यायचं. आणि अस्वल शुद्ध पांढरं नसतं, बर्फाशेजारी ते पिवळसर, सायीच्या रंगाचं दिसतं, तो पिवळा घालवू नका.

माझी पहिल्या वर्षाची चूक सांगतो. दिवसभर बाहेर राहून संध्याकाळी कॅमेरा तसाच हातात घेऊन तापलेल्या खोलीत शिरलो, दोन मिनिटांत काच आतून-बाहेरून ओली, आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की पिल्लांसोबत मादी आलीय, मी तसाच बाहेर धावलो आणि ते पाणी लेन्समध्येच गोठलं. दोन पिल्लं आईच्या मागे एकाच पावलात पाऊल टाकत गेली आणि मला दिसला तो नुसता दुधी धूर. तेव्हापासून कॅमेरा बाहेरच पिशवीत घट्ट बंद करतो आणि मगच आत नेतो, तास-दोन तास उघडत नाही. तुम्ही पावसाळ्यात एसी गाडीतून उतरून सातपुड्यातल्या पाल गावच्या जंगलात कॅमेरा काढता ना, तेव्हा हेच होतं, फक्त गोठत नाही.

भुसावळहून एक काका: ती अस्वलं खरंच कमी होतायत का?

हो काका. पश्चिम हडसन उपसागरातल्या अस्वलांचा अंदाज 2016 ला 842 होता, 2021 ला 618. सील मारायला त्यांना समुद्रावरचा बर्फ लागतो, तो लवकर वितळतो आणि उशिरा गोठतो, म्हणजे उपास लांबतो. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत ती जवळजवळ उपाशीच असतात, पोटुशी मादी तर आठेक महिने. म्हणून आपण जवळ गेलो आणि अस्वल उठून पळालं तर त्याची साठवलेली चरबी आपण जाळली, एवढं साधं आहे ते. गाईडचं खरं काम गाडी कुठे थांबवायची हे ठरवणं. पाहुणे म्हणतात अजून थोडं पुढे, पैसे भरलेत आम्ही. नाही म्हणायला लागतं, रोज.

शहाद्याहून एक कॉलेजची मुलगी: दादा, तिकडे जायला पैसे नाहीत माझ्याकडे. इथे राहून गाईड होता येईल का?

ताई, तू शहाद्याची आहेस आणि मला विचारतेस! रानपिंगळा आठव. 1884 नंतर या घुबडाची एकही पक्की नोंद नव्हती, संपलंच असं धरून चालले होते, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना ते सापडलं कुठे, तर तुझ्या शहाद्याजवळच्या रानात. 113 वर्षांनी. आता तोरणमाळला, यावल अभयारण्यात, मेळघाटात दिसतं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, याचं डोकं जवळजवळ साधं, छातीवर गडद तपकिरी पट्टा आणि खाली पोट पांढरंशुभ्र. दिवसा जागं असतं, पानं झडलेल्या सागाच्या शेंड्यावर उन्हात बसतं आणि शेपटी इकडून तिकडे झटकत राहतं. हे नीट दाखवता येणारी पोरगी पाहिजेच आहे आपल्याकडे.

सुरुवात पाड्यावरून कर. चर्चिलला क्री, डेने आणि इनुइट या तिथल्या मूळ रहिवाशांकडून मी जे शिकलो ते कुठल्या कोर्समध्ये नव्हतं, बाजूच्या नॅशनल पार्कचं वापुस्क हे नाव पण क्री भाषेतलं आहे, पांढरं अस्वल असा त्याचा अर्थ. तसं आपल्याकडे पावरा आणि तडवी आदिवासी म्हाताऱ्यांना विचार, कुठल्या ढोलीत कोण राहतं ते त्यांना ठाऊक असतं. त्यांचा वेळ घेशील तर पाहुण्यांकडून मिळालेल्या पैशातला वाटा त्यांना दे. वन विभागाच्या परवानगीशिवाय आत जाऊ नकोस. सकाळी दहानंतर मोठ्या लेन्सने लांबचे फोटो काढू नकोस, तापलेल्या हवेत सगळं थरथरतं, कितीही महाग लेन्स असो.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. मागच्या हिवाळ्यात यावलच्या रानात एक ग्रुप मोबाईलवर रानपिंगळ्याचा आवाज लावून उभा होता, स्पीकर जोडलेला, परत परत तेच. ते घुबड आपल्या हद्दीत दुसरं कुणी घुसलं म्हणून उडून आलं, शेजारच्या फांदीवर बसलं, तोंडात सरडा तसाच धरलेला, ढोलीकडे जायचं सोडून आवाजाकडेच बघत. वीसेक मिनिटं. ढोलीत जोडीदार किंवा पिल्लं वाट बघत असणार. मी जाऊन सांगितलं तर म्हणाले दोनच मिनिटं दादा. तू गाईड झालीस की पाहुण्यांचा स्पीकर गाडीतच राहू दे, आणि पहाटे साडेपाचला निघ, ऊन शेंड्यावर पोचायच्या आत तिथे बसलेली पाहिजेस. थर्मासमध्ये चहा घे, हिवाळ्यात सातपुड्यात बोटं गार पडतात.