घरी आकाश शिकवू पाहणाऱ्या एका तरुण पित्यास

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

मुलांना खगोलशास्त्र आणि विज्ञान घरीच शिकवण्याचे तुम्ही उभयतांनी ठरवले आहे, आणि हे शिक्षण खऱ्या अर्थाने ख्रिस्ती कसे व्हावे, असे तू विचारले आहेस. माझे मत आधीच सांगतो. प्रत्येक धड्याच्या शेवटी एखादे वचन जोडल्याने तो धडा ख्रिस्ती होत नाही. सृष्टीचा कर्ता सत्य आहे असे आपण मानतो. मग त्या सृष्टीविषयी अर्धवट किंवा सोयीचे बोलण्याची मुभा आपल्याला राहत नाही. जे दिसले ते दिसले तसेच नोंदवणे, आणि नोंद आपल्या अपेक्षेविरुद्ध गेली तरी ती न खोडणे, ही सवय मुलांना लागली तर पायाचे काम झाले असे समज.

यासाठी मुलांना खगोलशास्त्रज्ञ योहान्नेस केप्लरची हकिगत अवश्य सांग. पाद्री होण्याच्या इच्छेने तो ट्यूबिंगेन येथे धर्मशास्त्र शिकला होता. पुढे टायको ब्राहेने केलेल्या मंगळाच्या नोंदींवर काम करताना त्याने वर्तुळांच्या आधारे एक मांडणी तयार केली, परंतु ती प्रत्यक्ष निरीक्षणापासून 8 कलांनी (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) ढळत होती. आकाशात पौर्णिमेचा चंद्र जेवढा दिसतो, त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढा हा फरक. दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. केप्लर मात्र टायकोसारखा काटेकोर निरीक्षक ही देवाची देणगी मानत होता आणि त्या देणगीकडे दुर्लक्ष करणे त्याला मान्य नव्हते. म्हणून त्याने वर्षानुवर्षांचे गणित बाजूला ठेवले, आणि 1609 साली ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे प्रसिद्ध केले. श्रद्धेमुळे माणूस पुराव्याकडे डोळेझाक करतो असे मुलांना कोणी सांगितले, तर त्यांच्याजवळ हे उदाहरण असू दे.

पवित्र शास्त्र आणि खगोलशास्त्र यांची सांगड घालण्यासाठी कृत्रिम धडे रचण्याची गरज नाही, कारण आपल्या सणांमध्येच भरपूर गणित आहे. 21 मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टरचा दिवस, आणि ही पौर्णिमा मंडळीच्या ठरावीक कोष्टकांवरून काढली जाते. जुन्या रोमन दिनदर्शिकेचे, म्हणजे ज्युलियन, वर्ष ऋतुचक्राच्या वर्षापेक्षा सुमारे 11 मिनिटांनी मोठे होते. ईस्टरच्या तारखेचा विचार करणाऱ्या इसवी सन 325 च्या निकिया येथील मंडळीच्या परिषदेपासून 1582 पर्यंत ही चूक किती दिवसांची झाली असेल, याचा हिशेब मोठ्या मुलाला करू दे. उत्तर 10 दिवसांच्या जवळपास येईल, आणि 1582 मध्ये दिनदर्शिका सुधारताना 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर का आला, हे त्याला तू न सांगताच उमगेल.

त्याहून मोलाचा प्रश्न वधस्तंभाच्या दिवशी पडलेल्या अंधाराचा आहे. ते सूर्यग्रहण होते का, असे मुलांना विचार आणि लगेच उत्तर देऊ नकोस. सूर्यग्रहण अमावास्येलाच होऊ शकते. येशूला वधस्तंभावर दिले ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या वेळी, आणि हा सण पौर्णिमेच्या सुमारास येतो. शिवाय कोणत्याही एका ठिकाणी खग्रास स्थिती साडेसात मिनिटांहून फारशी टिकत नाही, आणि शुभवर्तमानांत तीन तासांच्या अंधाराचा उल्लेख आहे. ते नेहमीचे सूर्यग्रहण नव्हते, या निष्कर्षापर्यंत मुले स्वतःच येतील. तेथे थांब. मग ते काय होते, याची एखादी नैसर्गिक उपपत्ती ओढूनताणून शोधू नकोस.

विश्वाच्या वयाचा प्रश्न येणारच, आणि तुला त्याचीच धास्ती असावी. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील दिवसांचा अर्थ लावण्यात निष्ठावान ख्रिस्ती लोकांमध्येही मतभेद आहेत. ते मुलांपासून लपवू नकोस. पण अंतरे कशी मोजतात, हे आधी शिकव. हात लांब करून अंगठा धरावा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा, म्हणजे अंगठा मागच्या भिंतीवर सरकलेला दिसतो. पृथ्वीच्या कक्षेच्या दोन टोकांवरून ताऱ्यांचे असेच सरकणे मोजून खगोलशास्त्रज्ञ बेसेलने 1838 साली हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे अंतर काढले. ते सुमारे 11 प्रकाशवर्षे आहे; प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष. पुढच्या, अधिक दूरच्या मोजमापांच्या पायऱ्या चढत गेल्यावर देवयानी दीर्घिकेचे (ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहाचे) सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे हे अंतर हाती येते, म्हणजे तिचा आज दिसणारा प्रकाश तेवढ्या वर्षांपूर्वी निघालेला; वयाचा प्रश्न येथूनच उभा राहतो. शास्त्रज्ञ हे देवाला नाकारण्यासाठी सांगतात, असे मुलांना कधीही शिकवू नकोस. ते खरे नाही, आणि मोठेपणी मुलांना ते कळले की तू सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरचाही त्यांचा विश्वास डळमळेल.

उलट बाजूचा मोहही टाळ. विस्तारणाऱ्या विश्वाची कल्पना 1927 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते, तरीही त्या सिद्धांताला निर्मितीचा पुरावा म्हणून वापरणे त्यांना पसंत नव्हते. मला त्यांची ही सावधगिरी फार योग्य वाटते.

साधनांविषयी थोडक्यात लिहितो. दुर्बिणीची घाई करू नकोस. पहिला महिनाभर चंद्राचा आकार, वेळ आणि दिशा वहीत रोज उतरवू दे. ढगाळ दिवशी 'दिसला नाही' एवढेच लिहावे, अंदाजाने चित्र काढू नये. त्यानंतर ईयोबाच्या 38 व्या अध्यायात उल्लेख असलेल्या कृत्तिका दाखव: आधी नुसत्या डोळ्यांनी, मग साध्या द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून), आणि प्रत्येक वेळी दिसलेले तारे मोजायला सांग. हीच द्विनेत्री स्थिर धरली तर गुरूचे चार मोठे चंद्रही दिसतात. ती सूर्याकडे मात्र कधीही वळवू देऊ नकोस. महिन्याच्या नोंदी पूर्ण झाल्या की त्यांतली दोन-तीन पाने मला पाठव; धाकट्याची पाने विशेषकरून पाहायची आहेत.

तुझा हितचिंतक