कार्ड बदलेल, मॉनिटर राहील

गेम खेळायला मॉनिटर घ्यायचा आहे ना? आज तुझ्याकडे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा संगणकाचा भाग) आहे, पण पुढचं एएमडीचं किंवा इंटेलचं असू शकतं. मॉनिटर मात्र दोन-तीन कार्डं पुरून उरतो, म्हणून तो कुठल्याही कार्डाशी जुळणारा घे.

बघायची मुख्य गोष्ट म्हणजे अॅडॅप्टिव्ह सिंक. कार्ड जितक्या वेगाने फ्रेम (एकेक चित्र) पाठवतं, तितक्याच वेगाने पडदा ताजा होतो आणि चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसत नाही. पूर्वी एनव्हिडियाच्या जी-सिंकसाठी, म्हणजे याच सोयीच्या त्यांच्या रूपासाठी, मॉनिटरमध्ये वेगळं मॉड्यूल लागायचं आणि त्याचे पैसेही मोजावे लागायचे. जानेवारी २०१९ पासून मात्र जीटीएक्स १० मालिका आणि त्यापुढची एनव्हिडियाची कार्डं डिस्प्लेपोर्टवरून (एचडीएमआयसारखीच मॉनिटरची केबल जोडायची जागा) साध्या अॅडॅप्टिव्ह सिंक मॉनिटरवरही हे करतात. त्यामुळे 'फ्रीसिंक' (एएमडीचं अॅडॅप्टिव्ह सिंकचं नाव) लिहिलेला मॉनिटर बिनधास्त घे, फक्त त्याला डिस्प्लेपोर्ट आहे ना, हे आधी बघ. काही जुन्या मॉनिटरवर फ्रीसिंक एचडीएमआयवरून चालतं, पण ती एएमडीची स्वतःची पद्धत आहे. एनव्हिडियाच्या कार्डाला ती उपयोगी नाही. एचडीएमआय २.१ चं व्हीआरआर (त्या मानकातलीच अशी सोय) असेल तर गोष्ट वेगळी.

मग सिंकची रेंज वाच, म्हणजे किती ते किती हर्ट्झमध्ये (सेकंदाला किती वेळा पडदा ताजा होतो) सिंक चालतं ते. लोक नेमकं हेच वाचत नाहीत! ४८ ते १४४ हर्ट्झ उत्तम: सेकंदाला फ्रेम ४८ च्या खाली गेल्या तर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून काम भागतं. ४८ ते ७५ असेल तर ही सोय बहुधा मिळत नाही, आणि जड गेममध्ये अडखळणं जाणवतं.

पडदा आयपीएस की व्हीए (पडद्याचे दोन प्रकार), ही आवडीची बाब.

घरी आणल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः वाढव. बऱ्याचदा तो ६० हर्ट्झवरच राहिलेला असतो.