निसर्ग, पक्षी यावरची चांगली पुस्तकं काढणारी ना-नफा संस्था आहे का कुठली?

अहो मुंबईतच आहे की, बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी! १८८३ ची संस्था, जर्नल १८८६ पासून चालू. फक्त प्रकाशन नाही करत, मुळात काम संशोधन आणि संवर्धनाचं, पण पुस्तकं एक नंबर. सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ १९४१ साली यांनीच काढलं, त्यात पक्ष्याचा साइज सांगताना चिमणीएवढा, मैनेपेक्षा मोठा असं दिलंय, त्यामुळे नवख्या माणसालाही झाडाखाली उभं राहून पटकन अंदाज येतो, सेंटिमीटर कोण मोजत बसणार तिथे! बहुतेक पुस्तकं इंग्लिशमध्ये, हे मात्र खटकतं. फोर्टात लायन गेटसमोर हॉर्नबिल हाऊस, तिथे जाऊन चाळा आणि मगच घ्या.