पोट फुगतंय म्हणून घाबरू नकोस

अगं, ॲनोरेक्सियातून (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडायला लावणाऱ्या आजारातून) सावरताना पुन्हा खायला लागल्यावर पोट टम्म होतं ना, मलाही वाटलं होतं की ही सगळी चरबीच. तसं नसतं. ॲनोरेक्सियात जठर मंदावतं, त्यामुळे अन्न रेंगाळतं, आणि शरीर पाणीही धरून ठेवतं. ते हळूहळू उतरतं. तोवर सैल कुर्ते घाल आणि वजनकाटा घरच्यांकडे देऊन टाक.

पण डॉक्टरांशिवाय एकदम भरपूर खायला सुरुवात करू नकोस. दीर्घ उपासमारीनंतर तसं केलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून हृदयावर बेतू शकतं. माझ्या तर सुरुवातीला सारख्या रक्ततपासण्या चालायच्या. भोवळ आली, छातीत धडधडलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठ.

दिवसभर डोक्यात जेवणच घोळतं, याची लाज नको वाटून घेऊस. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या एका प्रयोगात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तर त्यातले काही पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे! उपासमार मेंदूचं हे असं करते.

रात्री फारच कोंडल्यासारखं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव, मराठीतही बोलतात.

आणि उपवास. (आमच्या घरी आठवड्याला एक तरी असतोच.) माझा आजार त्यांच्याच आड लपला होता, चतुर्थी, एकादशी, सोमवार, कुणाला शंकाच नाही. शेवटी आजीला रडत सांगितलं. ती म्हणाली, "तू जेव, देवाचं मी बघते."